स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस १.८ टर्बो: इंजिन उघडण्यापासून परत बसवायच्या तयारीपर्यंतच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४

गाडी २००५ची ऑक्टाव्हिया आरएस, आपल्या शेंद्र्याच्या (छत्रपती संभाजीनगरजवळ) प्लांटमधे जोडलेली. १७८१ सीसी, प्रत्येक सिलिंडरला पाच वॉल्व्ह म्हणजे एकूण वीस, वर टर्बो, कागदावर १५० बीएचपी आणि २१० न्यूटन मीटर. बंद अवस्थेत घेतली. आधीच्या मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं की ऑइलचा लाल दिवा लागला, तीन बीप वाजले, घर जवळच होतं म्हणून तशीच आणली, आणि नंतर खालून टकटक सुरू झाली. म्हणजे बेअरिंग (क्रँक म्हणजे इंजिनचा मुख्य फिरता दांडा ज्यावर टेकतो ती धातूची कवचं) गेलंय हे गृहीत धरूनच किंमत ठरली.

हे सगळं लिहून ठेवतोय कारण या इंजिनवर मराठीत काही सापडत नाही आणि कोल्हापूर-सांगली-पुणे पट्ट्यात अजून बऱ्याच आरएस आहेत, त्यातल्या कितीतरी याच दुखण्याने शेडमधे उभ्या आहेत. ज्याला करायचंय त्याचा वेळ आणि पैसा वाचावा.

काम आमच्याच शेडमधे, मदतीला भाचा, डिप्लोमा मेकॅनिकल दुसरं वर्ष. बोरिंग-होनिंग (सिलिंडर मोठा कापून आतून बारीक घासणं) उद्यमनगरात अण्णांच्या वर्कशॉपमधे.

८ ऑक्टोबर

इंजिन गिअरबॉक्ससकट बाहेर. पुढचा बंपर, रेडिएटर, इंटरकूलरचे पाइप आणि अख्खा पुढचा सांगाडा काढला की समोरून चेन ब्लॉकने सरळ ओढता येतं, वरून काढायच्या भानगडीत पडू नका, जागाच नाही. एसीचा कॉम्प्रेसर पाइप न सोडता बाजूला बांधून ठेवला म्हणजे गॅस परत भरायला नको. प्रत्येक कनेक्टरला कागदी टेप आणि नंबर, आणि सोडायच्या आधी फोटो. यात एक संध्याकाळ जाते पण बसवताना ती वसूल होते.

वीस वर्षांच्या गाडीत प्लॅस्टिक हात लावला की तुटतं हे धरूनच चला. डिपस्टिकच्या नळीचं नारिंगी नरसाळं बोटाच्या दाबाने चुरा झालं. हेडच्या टोकाला कूलंटचा जो प्लॅस्टिकचा फ्लँज असतो त्याला केसाएवढी चीर. क्रँककेसच्या वाफा नेणारे होज आतून मऊ पडलेले. हे सगळं यादीत टाकलं.

१० ऑक्टोबर

चेंबर (इंजिनखालचा ऑइल साठणारा डबा) खाली घेतला. सगळ्यात महत्त्वाचं हेच म्हणून सविस्तर लिहितो.

ऑइल पंपाला खाली एक नळी असते, तिच्या तोंडाला जाळी. त्या जाळीतूनच सगळं ऑइल वर जातं, मेन बेअरिंग (क्रँक ज्यात फिरतो), बिगेंड (पिस्टनचा रॉड क्रँकला जिथे जोडतो), टर्बो, कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा), सगळ्यांना. ती जाळी टॉर्चखाली धरली तर पाऊण भाग डांबरासारख्या काळ्या थराने बंद. सुईने थर उचलला तर खाली तीन वेगळ्या गोष्टी मिळाल्या: एक, जळलेल्या ऑइलचे कोळशासारखे कण. दोन, नारिंगी प्लॅस्टिकचे तुकडे, म्हणजे डिपस्टिकचं नरसाळं याआधीही एकदा तुटलं होतं आणि तुकडे आत पडले होते. तीन, करड्या सिलिकॉनच्या शेवया. आधी कुणीतरी चेंबर काढून परत बसवताना पेस्ट भरमसाट लावली, दाबल्यावर ती आतल्या बाजूला निघाली, वाळली, तुटली आणि जाळीवर जाऊन बसली.

म्हणजे बेअरिंग खराब होतं म्हणून गेलेलं नाही, त्याला ऑइलच पोचत नव्हतं. हे कळल्यावर कामाची दिशा ठरली. नुसतं बेअरिंग बदलून बांधलं असतं तर वर्षभरात परत तेच. ऑइल जिथून जिथून जातं ती प्रत्येक नळी, प्रत्येक भोक उघडून साफ करायचं, मग बाकीचं.

भाच्याने विचारलं, "मामा, मग दिवा लागल्यावर लगेच बंद केली असती तर?" तर क्रँक वाचला असता. या गाडीत लाल दिवा लागला की किल्ली फिरवायची आणि गाडी ओढून न्यायची, पुढचा चौकसुद्धा लांब असतो.

१४ ऑक्टोबर

शनिवारी दसरा झाला, दोन दिवस उद्यमनगर बंद, हत्यारांची पूजा. आम्हीपण टॉर्क रेंच आणि मायक्रोमीटरला हळदकुंकू लावून झेंडू वाहिला. आज परत काम.

खालची बाजू पूर्ण मोकळी केली. तिसऱ्या नंबरच्या बिगेंडचं बेअरिंग तांब्यापर्यंत उतरलेलं, कडेला पापुद्रे. दुसऱ्याला सुरुवात झालेली. पहिलं आणि चौथं दिसायला ठीक. मेन बेअरिंगवर रेघा आहेत पण तांबं नाही. तिसऱ्या बोअरमधे (पिस्टन चालतो त्या भोकात) नखाला लागेल अशी उभी ओरखड.

रॉडबद्दल एक सूचना: या इंजिनाचे कनेक्टिंग रॉड कापलेले नाहीत, तोडलेले आहेत. कारखान्यात अख्खा रॉड घडवून त्याचं टोक ठरवून फोडतात, त्यामुळे कॅप आणि रॉडची तोंडं खडबडीत असतात आणि एकमेकांतच बसतात. कॅपांची अदलाबदल अजिबात नाही, त्या तोंडाला कानस किंवा पॉलिश पेपर लावायचा नाही, टेबलावर ते तोंड टेकवून ठेवायचंसुद्धा नाही. सोडायच्या आधी प्रत्येक जोडीवर सिलिंडर नंबर घातला.

टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून बघितला, आडवा खेळ थोडा, पुढे-मागे जवळपास नाही, पंखा कुठे घासलेला नाही. टर्बो वाचला म्हणायचं. पण त्याला ऑइल देणारी नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या वरून जाते, उष्णतेने आत ऑइल जळून कडक झालेलं. तार घातली तर अर्ध्यात अडकली. ही नळी साफ करत बसू नका, नवीच घ्या.

१६ ऑक्टोबर

मापं घेतली. ब्लॉक स्टँडवर लटकवलेला असताना बोअरचं माप घेऊ नका, मॅन्युअलमधे तसं स्पष्ट लिहिलंय, स्टँडच्या ताणाने माप चुकीचं येतं. आम्ही ब्लॉक उतरवून सपाट फळीवर ठेवला, प्रत्येक बोअर वर-मधे-खाली आणि दोन्ही दिशांनी मोजला. स्टँडर्ड बोअर ८१.०१ मिमी, मर्यादा ०.०८ मिमी फरकाची. तीन सिलिंडर मर्यादेत होते, तिसऱ्यातली ओरखड मात्र होनिंगने निघणारी नव्हती.

अण्णांना ब्लॉक दाखवला. त्यांनी बोट फिरवलं, टॉर्च मारला आणि म्हणाले, "हे स्टँडर्डवर ठेवू नका, पाव मिलिमीटर उडवलं तरी रेघ राहील, थेट पहिल्या ओव्हरसाइजला जा, आणि पिस्टन हातात आल्याशिवाय मला बोर करायला सांगू नका." पहिला ओव्हरसाइज म्हणजे बोअर ८१.५१, पिस्टन ८१.४६५. पिस्टनचं माप खालच्या काठापासून साधारण १० मिमी वर, पिनेला (पिस्टन रॉडला जोडणारी) काटकोनात घ्यायचं.

फोर्ज्ड रॉड (बाहेर वेगळे मिळणारे, जास्त मजबूत) घ्यायचे का यावर दोन रात्री विचार केला. स्टॉक रॉड या इंजिनाचा सगळ्यात अशक्त भाग, टॉर्क खूप वाढवला तर ते वाकू शकतात. मला तिथे जायचंच नाही, मूळचा छोटा टर्बोच ठेवायचाय. म्हणून स्टॉक रॉड, सरळपणा तपासून, नवीन बोल्ट घालून. ते पैसे ऑइलच्या बाजूला घातले.

२१ ऑक्टोबर

ऑर्डरी दिल्या. गॅस्केट सेट साधारण चौदा हजार, टायमिंग किट वॉटर पंपासकट सोळा, पिस्टन-रिंगा अडतीस हजार. वॉटर पंप धातूच्या पंख्याचाच मागवला, प्लॅस्टिकचे पंखे शाफ्टवर फिरतात किंवा तुटतात आणि काटा लाल झाल्यावरच कळतं. हेड बोल्ट, रॉड बोल्ट, मेन बोल्ट, फ्लायव्हीलचे बोल्ट सगळे नवीन. हे ताणून बसणारे बोल्ट आहेत, एकदा ताणले की त्यांचं काम संपलं. "जुने चांगले दिसतात की" असं गॅरेजमधे हमखास ऐकायला मिळेल, ऐकू नका.

पार्ट मागवताना ब्लॉकवर कोरलेला इंजिन कोड द्या, नुसतं "१.८ टर्बो" सांगून भागत नाही. पुढच्या महिन्यात का ते कळेल.

९ नोव्हेंबर

दिवाळीत सगळं थंड. मधल्या काळात हेड घेतलं.

वीस वॉल्व्ह, वीस टॅपेट (कॅम आणि वॉल्व्हच्या मधले ऑइल भरलेले पेले). जुन्या प्लॅस्टिकच्या डब्यात नंबर घालून खाने केले, जो टॅपेट जिथला तो तिथेच जायला हवा. टॅपेट ठेवताना कॅम घासतो तो चेहरा खाली, म्हणजे आतलं ऑइल वाहून जात नाही.

एका ठिकाणी वॉल्व्ह ग्राइंड करून देतो म्हणाले. नको सांगितलं. या इंजिनाच्या वॉल्व्हना मशिनिंग चालत नाही, फक्त पेस्ट लावून हाताने लॅपिंग. एक्झॉस्टचे वॉल्व्ह तर पोकळ आहेत, आत सोडियम भरलेलं असतं उष्णता लवकर खाली न्यायला. तो वॉल्व्ह कापला किंवा फुटला आणि सोडियमला पाणी लागलं तर पेट घेतो. खराब एक्झॉस्ट वॉल्व्ह भंगारात टाकताना भंगारवाल्याला हे सांगा, त्याची पोरं कटर घेऊन बसलेली असतात.

लॅपिंगला वेळ लागतो. काठीच्या टोकाला रबरी चोखणी, दोन तळव्यांत फिरवायची, पेस्टचा आवाज करकर असा येतो तोपर्यंत कापतंय, आवाज गुळगुळीत झाला की उचलून पुसून बघायचं. सीटवर सलग करडी कडा दिसली पाहिजे, तुटक नको. भाच्याने अकरा केले, बाकीचे मी. मग स्प्रिंगा लावून हेड उलटं ठेवलं, पोर्टमधे पेट्रोल ओतलं आणि चहाला गेलो. परत आलो तर दुसऱ्या सिलिंडरच्या एका इनटेकला ओल. तो परत काढला, परत घासला, मग कोरडा राहिला.

हेडचा सपाटपणा सरळपट्टी आणि फिलर गेजने तिरका-उभा-आडवा तपासला, ०.०५चं पातं कुठेच गेलं नाही, मर्यादा ०.१ आहे. म्हणून हेड घासून घेतलं नाही. गरज नसताना हेड घासू नका, कॉम्प्रेशन वाढतं आणि टर्बो इंजिनाला ते नको असतं.

२५ नोव्हेंबर

पिस्टन आले. डबा उघडला, ८१.४६५ बरोबर, फिनिश छान. जुन्या रॉडमधली पिन घालून बघितली तर सैल हलते. पिस्टनच्या भोकाचं माप घेतलं, २० मिमी. आपल्या रॉडची पिन १९.

या इंजिनात दोन मापांच्या पिना आहेत, २० आणि १९, आणि पिस्टन वरून दिसायला सारखेच. मी इंजिन कोड लेखी दिला होता, विक्रेत्याकडून जुन्या कोडचा सेट निघाला. बुश घालून चालवून घ्या असा सल्लाही त्यांनी फोनवर दिला. साडेसहा हजार आरपीएमला वर-खाली होणाऱ्या पिस्टनच्या पिनेशी असला खेळ कुणी करू नये. परत पाठवले, येण्या-जाण्याचा खर्च माझ्या अंगावर, आणि बदली सेटसाठी दीड महिना.

पिस्टन आले की आधी पिनेचं माप घ्या. बोरिंग आधी करून ठेवलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करून अण्णांचं ते वाक्य परत आठवलं.

३ डिसेंबर

क्रँक ग्राइंडिंग. हे अण्णांकडे होत नाही, दुसरीकडे द्यावं लागतं. क्रँकपिनचं (क्रँकवर रॉड बसतो त्या भागाचं) स्टँडर्ड माप ४७.८०, घासून लहान करायची पहिली पायरी ४७.५५. चिठ्ठीवर माप लिहून दिलं आणि कोपऱ्यातली गोलाई जशीच्या तशी ठेवा असं ठळक लिहिलं.

आज परत आला. तीन पिना बरोबर, चौथी ४७.५१, म्हणजे चार शतांश जास्त खाल्ली. आणि दोन पिनांच्या कोपऱ्यातली गोलाई जवळपास काटकोन झालेली. गोलाई का महत्त्वाची: पिन जिथे क्रँकच्या पाकळीला मिळते तिथेच सगळा ताण गोळा होतो, तिथे धारदार कोपरा राहिला तर भेग तिथूनच सुरू होते, आणि टर्बोचा मारा त्यावर रोज पडणार. दुकानदार म्हणाले चालतंय, ट्रॅक्टरचे असेच करतो. वाद घातला नाही, पैसे दिले, क्रँक उचलला.

दुसऱ्या एका जुन्या कारखान्यात गेलो, तिथे दगडाला आधी हिऱ्याने गोलाईचा आकार देऊन मगच ग्राइंड करतात. सगळ्या पिना दुसऱ्या पायरीला, ४७.३० वर नेल्या. कोपऱ्याची गोलाई त्यांनी टेम्प्लेट लावून माझ्यासमोर दाखवली, शेवटी ऑइलच्या भोकांच्या कडा हलक्या मोडून पॉलिश केलं. पैसे दुप्पट घेतले आणि ते योग्यच होते. मेन जर्नलना (मेन बेअरिंगमधे फिरणारे क्रँकचे भाग) नुसतं पॉलिश पुरलं, ५४.०० वरच राहिले.

आता दुसऱ्या पायरीची बिगेंड बेअरिंगं भारतात मिळेनात. मावसभाऊ स्टुटगार्टला असतो, त्याला पार्ट नंबर पाठवला. तो नाताळाच्या सुट्टीत येणार आहे.

१५ डिसेंबर

क्रँकची भोकं. ग्राइंडिंगची सगळी पूड क्रँकच्या आतल्या तिरक्या ऑइल मार्गात जाते. बाहेरून आरशासारखा चकचकीत क्रँक तसाच बसवला तर पहिल्या मिनिटात नवं बेअरिंग गेलं समजा. रॉकेल, बारीक लांब नायलॉनचा ब्रश, मग हवेचा मारा, परत रॉकेल. पांढऱ्या कापडावर करडा डाग येणं थांबेपर्यंत. बराच वेळ थांबला नाही.

११ जानेवारी २०२५

नवे पिस्टन आले, १९ची पिन, घालून बघितली, अंगठ्याच्या दाबाने जाते आणि हलत नाही. बेअरिंगंही आली. अण्णांनी दोन दिवसांत बोर आणि होन करून दिलं. प्रत्येक पिस्टन त्याच्या बोअरशी मोजून जोडला, सगळीकडे साडेचार शतांशाच्या आसपास. होनिंगच्या तिरक्या रेघा सुंदर आल्यात, बोट फिरवलं तर रेशमी लागतं पण नखाला पकड जाणवते. रिंगा बसायला हेच हवं असतं. बोरिंग-होनिंगचे सहा हजार घेतले.

रिंगांची फट: रिंग बोअरमधे घालून पिस्टननेच सरळ खाली ढकलायची, खालच्या तोंडापासून साधारण १५ मिमी आत, मग फिलर गेज. कॉम्प्रेशन रिंगांना ०.२० ते ०.४० चालते. एक रिंग ०.१८ आली, बारीक कानशीने एकाच दिशेने, बाहेरून आत, दोन-दोन ओढ आणि परत माप, ०.२८ वर थांबलो.

१२ आणि १३ जानेवारी

ब्लॉक धुणं. नोंद लांब आहे कारण अख्ख्या कामात सगळ्यात जास्त घाम इथेच गाळला.

ऑइल गॅलरीची सगळी बुचं काढली. गरम पाणी, कपड्यांची पावडर, बाटल्या धुवायचे लांब ब्रश. होनिंगच्या दगडाचे कण रॉकेलने निघत नाहीत, रॉकेल त्यांना नुसतं पसरवतं, ते निघतात साबणाच्या गरम पाण्याने घासूनच. बोअर पांढऱ्या कापडाने पुसायचा, कापड करडं झालं की परत साबण. पिस्टनच्या पोटावर ऑइल उडवणारे चार छोटे जेट काढून वेगळे धुतले, त्यांच्या तोंडातून हवा मारून सरळ धार येते का बघितलं. त्यातला एक बंद होता. कोणता? तिसऱ्या सिलिंडरचा. ओरखड तिथेच का आली याचं उत्तर मिळालं.

ब्लॉक ओतीव लोखंडाचा आहे, धुतल्यावर दोन मिनिटांत बोअरवर तांबूस गंज चढायला लागतो. त्यामुळे एकाने पाणी मारायचं, दुसऱ्याने हवेने वाळवत लगेच ऑइलचा हात फिरवायचा. दोघं नसाल तर हे काम काढू नका. शेवटी मोठ्या स्वच्छ प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला.

१८ जानेवारी

खालची बाजू बांधली. शेड पाण्याने धुऊन घेतली, पंखा बंद, दार बंद.

मेन बेअरिंग बसवून क्रँक ठेवला, प्लॅस्टिगेजची पट्टी (दाबून किती पसरते त्यावरून बेअरिंगमधली फट कळते) घालून जुन्या बोल्टने आवळून बघितलं, मधे क्रँक जराही फिरवायचा नाही. सगळीकडे ०.०३ ते ०.०४. मग नवे बोल्ट, ६५ न्यूटन मीटर आणि वर ९० अंश. क्रँकचा पुढे-मागे खेळ डायलवर ०.१४ आला, ०.०७ ते ०.२३ हवा. क्रँक एका बोटाने फिरतो.

रॉडलाही प्लॅस्टिगेज, मोजताना फक्त ३० पर्यंत आवळायचं, ९० अंश मोजताना द्यायचे नाहीत. पक्कं बसवताना ३० आणि ९० अंश. पिस्टनवरचा बाण पुलीकडे, रिंगांवर टॉप लिहिलंय ती बाजू वर, फटी एकमेकींपासून १२० अंशावर. रिंग कॉम्प्रेसर बोअरला पूर्ण टेकवून हातोड्याच्या लाकडी दांड्याने ढकलायचं. अडलं की थांबायचं, ठोकायचं नाही. दुसरा पिस्टन मधेच अडला, बाहेर घेतला तर ऑइल रिंगची खालची पट्टी कॉम्प्रेसरखालून निसटलेली. सरळ करून परत घातली, गेला. ठोकला असता तर रिंग तुटून बोअर गेला असता.

२५ जानेवारी

ऑइल पंप, चेन, नळी, चेंबर. पंप उघडून दातांवर रेघा आहेत का बघितलं, होत्या, नवा पंप घातला. जाळीची नळी तर नवीच. पंपात बसवताना ताजं ऑइल भरलं.

चेंबरला गॅस्केट नसतं, पेस्टच असते. दोन्ही तोंडं पूर्ण कोरडी आणि तेलकटपणा काढून, पेस्टची वात २ ते ३ मिमी, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने, आणि पाच मिनिटांत चेंबर जागेवर. तीनपेक्षा जाड लावली की ती आत निघते आणि जाळीवर जाते. १० ऑक्टोबरची नोंद वाचा. ट्यूबचं नोजल आम्ही मोजून ३ मिमीला कापलं, आणि आधी पत्र्याच्या तुकड्यावर भाच्याकडून सराव करून घेतला.

मागचं क्रँक सील टेफ्लॉनचं आहे. सवयीने त्याच्या ओठाला ऑइल लावाल, लावू नका, ते कोरडंच बसवायचं, सोबत आलेल्या प्लॅस्टिकच्या बाहीवरून.

८ फेब्रुवारी

हेड चढवलं. गॅस्केट धातूचं, पार्ट नंबर वर वाचता यायला हवा. बोल्टच्या भोकांत ऑइल किंवा पाणी साठलेलं असेल तर हवेने उडवा, नाहीतर बोल्ट द्रवावर टेकतो आणि टॉर्क खोटा दाखवतो. मधून बाहेर या क्रमाने ४० न्यूटन मीटर, मग ९०, मग परत ९० अंश. दुसऱ्या नव्वदला हात भरून येतात, लांब दांडा घ्या आणि न थांबता एका ओढीत फिरवा.

दोन कॅम एकमेकांना छोट्या चेनने जोडलेले असतात. दोन्ही कॅमच्या खुणांमधे चेनचे १६ रोलर यायला हवेत, ना पंधरा ना सतरा. मोजून फोटो काढला, भाच्याने वेगळे मोजले. टायमिंग बेल्टच्या टेन्शनरचा हायड्रॉलिक दट्ट्या घाईने दाबायचा नाही, एम५ रॉडने सावकाश दाबायचा आणि पिन घालायची, घाईत आतलं सील जातं. बेल्ट चढवल्यावर क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवला, खुणा परत जुळल्या, कुठे अडला नाही.

टॅपेट परत बसवल्यावर निदान अर्धा तास इंजिन सुरू करायचं नाही, ते फुगलेले असतात आणि वॉल्व्ह पिस्टनला लागू शकतात. आपल्याला अजून बराच वेळ आहे, पण ज्याचं इंजिन गाडीतच आहे त्याने हे लक्षात ठेवावं.

१६ फेब्रुवारी

सुरू करण्याआधी ऑइल सगळीकडे पोचवणं. या इंजिनाचा पंप क्रँकवरून चेनने फिरतो, त्यामुळे ड्रिल लावून तो फिरवता येत नाही. आम्ही असं केलं: नवा कोरा हाताने दाब भरायचा पाच लिटरचा फवारणी पंप आणला, औषध मारतात तो, कधीही औषध न घातलेला. त्यात ५डब्ल्यू-४० ऑइल कोमट करून भरलं, नळीच्या टोकाला फिटिंग करून फिल्टर हाउसिंगवरच्या प्रेशर स्विचच्या भोकात लावलं, तिथे एम१०चा बारीक आटा आहे. स्पार्क प्लग काढलेले, वरचं कव्हर उघडं, टर्बोच्या नळीचं टोक बाटलीत.

दाब भरला. सुरुवातीला काहीच नाही. मग खाली चेंबरमधे टपटप ऐकू आली, ती बेअरिंगची. क्रँक पान्याने पाव फेरा, परत दाब. थोड्या वेळाने टर्बोच्या नळीतून आधी बुडबुडे, मग सलग धार. सगळ्यात शेवटी कॅमवर, पहिल्या कॅपच्या फटीतून मधासारखा एक थेंब वर आला, फुगला आणि कडेने ओघळला, मग दुसऱ्या, तिसऱ्या, सगळ्या कॅपांना. भाचा टॉर्च धरून होता, दोघंही काही बोललो नाही. ऑक्टोबरपासून हाच थेंब बघायचा होता.

चेंबरच्या बोल्टमधून दोन-सव्वादोन लिटर परत निघालं, ते पांढऱ्या ताटलीत ओतून उन्हात बघितलं. चमक नाही, कण नाही. तरी ते टाकून दिलं.

२२ फेब्रुवारी

टर्बो, मॅनिफोल्ड, नवी ऑइल नळी, उष्णतेपासून वाचवायला तिच्यावर पत्र्याची ढाल जागेवर. हेडचा नवा फ्लँज, नवा थर्मोस्टॅट, सगळे व्हॅक्यूमचे होज नवे. फ्लायव्हील ड्युअल मासचं (दोन तबकड्या, मधे स्प्रिंगा) आहे, हाताने फिरवून खेळ तपासला, मर्यादेत, तेच ठेवलं. बोल्ट नवे, ६० आणि ९० अंश. क्लच नवा, प्लेट मधोमध आणायला लाकडी खुंटी लेथवर करून घेतली, शंभर रुपये.

आत्तापर्यंतचा खर्च साधारण एक लाख सत्तर हजार, त्यात क्रँकचं दोनदा ग्राइंडिंग आणि पिस्टनची ने-आण धरून. वेळ सगळ्यात जास्त पार्टची वाट बघण्यात गेला.

गिअरबॉक्स जोडला. इनटेकची चारही तोंडं, टर्बोचं तोंड आणि कूलंटच्या नळ्या टेपने बंद. गाडीच्या बाजूला इंजिनची जागा धुऊन घेतली, इंटरकूलर काढून आतलं जुनं ऑइल पेट्रोलने धुतलं, ते जवळपास अर्धी वाटी निघालं, ते तसंच ठेवलं असतं तर पहिल्याच दिवशी धूर येऊन टर्बो गेला असं वाटलं असतं. इंजिनचे माउंट नवे, त्यांचे बोल्टही एकदाच वापरायचे आहेत, ते सोमवारी मुंबईहून येतायत. ते हातात आले की चेन ब्लॉक लावून इंजिन गाडीत चढवणार.

पहिल्या सुरुवातीला इंजेक्टरचे कनेक्टर काढून नुसतं स्टार्टरवर फिरवायचं, ऑइलचा दाब दिसेपर्यंत. त्यासाठी प्रेशर स्विचच्या जागी तात्पुरतं यांत्रिक गेज लावून ठेवलंय, इंजिन गरम झाल्यावर २००० आरपीएमला निदान २ बार दिसायला हवेत. पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर ऑइल आणि फिल्टर बदलून फिल्टर कापून बघणार, काय निघतं ते इथेच लिहीन.